गोठवलेले रेत आणि अँटिऑक्सिडंट : कारवानी कुत्र्यापासून म्हशीपर्यंत

(विश्रामबाग, सांगली येथे शेतकरी व पशुपालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी पीकशास्त्राचा अध्यापक आहे. हळद, भुईमूग, ऊस यांविषयी बोलण्याची मला सवय. आज मात्र जनावरांच्या गोठवलेल्या रेताविषयी बोलणार आहे. याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

मागील हंगामात हळदीच्या एका चर्चासत्रात मी हळदीतील कुरक्युमिनची माहिती देत होतो. हा पिवळा घटक अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे हवेतील प्राणवायूमुळे होणारी नासाडी रोखणारा आहे, असे सांगितले. तेव्हा जत भागातील एक मेंढपाळ उठले आणि म्हणाले, "साहेब, माझं कारवानी आठ वर्साचं झालं. तसलं कुत्रं आता बघाय मिळंना. त्याचं बीज गोठवून ठेवावं म्हणतोय, पर गोठवताना निम्मं बीज मरतंय म्हणं. मग त्यात हळद घातली तर टिकंल का?"

सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. जगातील अनेक प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत आहेत. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पशुवैद्यक मित्रांना विचारून आणि वाचन करून ते मी आज आपल्यापुढे ठेवत आहे. ज्यांच्याकडे कुत्रे नाही पण गाय-म्हैस आहे, त्यांनाही ते तितकेच उपयोगी आहे. गोठ्यात कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या कांडीत हेच शास्त्र भरलेले असते.

हे कुत्रे राखण्यासारखे का?

आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात, तेच मुधोळ हाउंड या नावाने प्रसिद्ध आहे. अंगावर लांब केस असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळ हे गाव आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असले, तरी ते घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतील मेंढपाळांच्या वाड्यावरही हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या राखणीला राहिले आहे. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांच्या जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. २०१६ मध्ये भारतीय लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी श्वान संशोधन व माहिती केंद्रही आहे.

जात प्रसिद्ध झाली की पिल्लांना किंमत येते. किंमत आली की संकर वाढतो, किंवा एकाच नराची पिल्ले पुन्हा आपसांत लावली जातात. दोन्ही प्रकारांत मूळ गुण जातो. खिल्लार बैलाच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. म्हणून एखाद्या चांगल्या नराचे बीज राखून ठेवावे असे त्या मेंढपाळाला वाटले, तर ती हौस नव्हे. तो दूरदृष्टीचा विचार आहे.

रेत गोठवण्याची सुरुवात

कृत्रिम रेतनाचा पहिला यशस्वी प्रयोग गाईवर झाला नाही, तो कुत्रीवर झाला. इटलीतील स्पालांझानी या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने रेत सोडले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे रेत टिकवण्याचा प्रश्न सुटला नाही. १९४९ मध्ये इंग्लंडमधील पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना आढळून आले, की ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात. १९५१ मध्ये गोठवलेल्या रेतापासून पहिले वासरू जन्मले. कुत्र्याच्या बाबतीत हे यश १९६९ मध्ये आणि मांजराच्या बाबतीत १९७८ मध्ये मिळाले.

आपल्या देशात कृत्रिम रेतनाचा आरंभ १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी केला. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली आणि पुढे गोठवलेले रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. आपल्या सांगली जिल्ह्यात भिलवडी येथेही आधुनिक रेतकेंद्र आहे.

गोठवण्याची रीत थोडक्यात अशी. रेत गोळा करून तपासतात. त्यात विरलक मिसळतात. विरलक म्हणजे रेत पातळ करून शुक्रजंतूंचे पोषण व रक्षण करणारे द्रावण. त्यात अंड्याचा बलक, साखर, क्षार, ग्लिसरॉल आणि रोगजंतू वाढू नयेत म्हणून प्रतिजैविके असतात. मग ते हळूहळू ४ ते ५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात, कांड्यांत भरतात, नत्राच्या वाफेत गोठवतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात बुडवून ठेवतात. तेथे शुक्रजंतूंचे सर्व व्यवहार थांबतात. नत्राची पातळी राखली, तर कांडी कित्येक वर्षे टिकते.

शुक्रजंतू मरतात कशाने?

गोठवताना होणारे नुकसान तीन प्रकारचे असते.

पहिले, थंडीचा धक्का. शुक्रजंतूभोवतीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते. एकदम थंड केले, की ते तुपासारखे थिजते आणि त्याला भेगा पडतात. यावर अंड्याचा बलक उपयोगी पडतो.

दुसरे, बर्फाचे स्फटिक. पाणी गोठते तेव्हा स्फटिकांनी आवरण फाटते आणि उरलेल्या पाण्यातील क्षार घट्ट होऊन पेशीतील पाणी ओढून घेतात. यावर ग्लिसरॉल उपयोगी पडते.

तिसरे, ऑक्सिडीकरण. आपला आजचा विषय हाच आहे.

ऑक्सिडीकरण म्हणजे काय, हे भुईमूग पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. शेंगदाणे फोडून ठेवले तर काही महिन्यांत खवट लागतात, कारण त्यांतील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. म्हणून बियाण्यासाठी आपण शेंगा टरफलासह ठेवतो आणि पेरणीच्या तोंडावर फोडतो. फोडलेल्या दाण्याची उगवण लवकर घटते. शुक्रजंतूचे आवरणही अशाच लवकर खवट होणाऱ्या स्निग्धाम्लांनी भरलेले असते. त्यातून शुक्रजंतू ही अत्यंत काटकसरीने घडलेली पेशी आहे. डोक्यात आनुवंशिक द्रव्य, मध्ये ऊर्जेची व्यवस्था आणि मागे शेपूट, एवढाच तिचा संसार. इतर पेशींत दुरुस्तीचे जे साहित्य असते, ते तिच्यात फारसे नसते.

मग निसर्गात ती टिकते कशी? तिच्याभोवतीच्या रेतद्रवात संरक्षक विकरे आणि इतर अँटिऑक्सिडंट असतात. आपण विरलक घालतो तेव्हा हे संरक्षण पातळ होते. कुत्र्याचे रेत गोठवताना तर रेतद्रव बराचसा काढूनच टाकावा लागतो. म्हणजे टरफल काढलेल्या शेंगदाण्यासारखी स्थिती होते.

१९४३ मध्ये मॅकलिऑड यांनी मानवी शुक्रजंतूंवर प्रयोग केला. भरपूर प्राणवायूत ठेवलेले शुक्रजंतू हालचाल गमावून बसतात आणि कॅटलेज नावाचे विकर घातले तर ती टिकते, असे त्यांना दिसले. कॅटलेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करते. १९४६ मध्ये टॉसिक आणि वॉल्टन यांनी वळूच्या शुक्रजंतूंपासूनच हे पेरॉक्साइड तयार होते, असे दाखवले. पुढील कामातून कळले, की मेलेले शुक्रजंतू यात विशेष वाईट असतात. चाळीतील सडका कांदा शेजारच्या कांद्यालाही बिघडवतो, तसाच हा प्रकार. ज्या रेतात मुळातच मेलेले शुक्रजंतू जास्त, ते गोठवल्यावर अधिकच खालावते.

अँटिऑक्सिडंट कोणकोणते?

विरलकात मिसळून पाहिलेल्या पदार्थांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

१) विकरे : कॅटलेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज इत्यादी. ही घातक प्राणवायू-संयुगे थेट निकामी करतात.

२) गंधकयुक्त पदार्थ : ग्लुटाथायोन, सिस्टीन, टॉरिन इत्यादी.

३) जीवनसत्त्वे : 'ई' जीवनसत्त्व तेलात विरघळते, म्हणून ते आवरणातच काम करते. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, ते बाहेरच्या द्रावणात काम करते.

४) वनस्पतिजन्य पदार्थ : हळदीतील कुरक्युमिन, द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरॅट्रॉल, रोझमेरीचा अर्क इत्यादी.

यांतील अनेक पदार्थ वळू, रेडा, बोकड, कुत्रा आणि मांजर यांच्या रेतावर वापरून पाहिले गेले आहेत. म्हणजे आपल्या सांगलीची हळद आणि तासगावचे द्राक्ष या दोहोंतील घटक प्रयोगशाळेपर्यंत पोचलेले आहेत.

फायदा किती, मर्यादा कोणत्या?

येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. योग्य पदार्थ योग्य मात्रेत घातला, तर कांडी वितळवल्यानंतर हालचाल करणाऱ्या आणि अखंड आवरणाच्या शुक्रजंतूंचे प्रमाण काही प्रमाणात वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. परंतु सर्वच प्रयोगांत तसे आढळलेले नाही. एका प्रयोगशाळेत उपयोगी ठरलेला पदार्थ दुसरीकडे निरुपयोगी ठरला आहे, कारण विरलक वेगळे, जनावर वेगळे आणि मात्रा वेगळी. शिवाय हे बहुतेक निष्कर्ष सूक्ष्मदर्शकाखालचे आहेत. प्रत्यक्ष गर्भधारणा वाढली, पिल्ले जास्त झाली, असा पुरावा कुत्रा-मांजरांच्या बाबतीत फार थोडा आहे.

दुसरी गोष्ट मात्रेची. थोडी प्राणवायू-संयुगे शुक्रजंतूला हवीच असतात. स्त्रीबीजात शिरण्याची तयारी त्यांच्यावाचून पुरी होत नाही. अँटिऑक्सिडंट जास्त झाले तर ही तयारीच खुंटते. 'क' जीवनसत्त्व तर लोहाच्या सान्निध्यात उलटे काम करून ऑक्सिडीकरण वाढवू शकते. युरियाची एक मात्रा पिकाला हिरवे करते म्हणून चौपट टाकली तर पीक जळते, हे आपण जाणतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बर्फाचा स्फटिक आणि थंडीचा धक्का यांवर अँटिऑक्सिडंटचा इलाज चालत नाही. बेदाणा करताना आपण गंधकाची धुरी देतो, त्याने रंग टिकतो. पण सडलेल्या द्राक्षाला धुरी देऊन त्याचा बेदाणा होत नाही. धुरी जास्त झाली तर माल नाकारला जातो. आणि धुरी देऊनही शीतगृहाची गरज संपत नाही. रेताचेही तसेच आहे. आधी चांगला नर, मग योग्य गोठवण, मग अखंड थंडी. अँटिऑक्सिडंटचा क्रमांक या तिघांनंतरचा.

कुत्रा आणि मांजर यांचे वेगळेपण

गाईच्या कांडीचे तंत्र जसेच्या तसे कुत्र्याला लागू पडत नाही. कुत्र्याचे रेत तीन टप्प्यांत येते. त्यातील दुसरा टप्पा शुक्रजंतूंचा असतो, तोच घ्यायचा. शेवटचा पाण्यासारखा भाग गोठवणीला बाधक ठरतो. म्हैस-गाईच्या एका कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू पुरतात. कुत्रीला एका वेळी साधारण दहा ते वीस कोटी द्यावे लागतात.

कुत्रीचा माजही निराळा. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. तिचे स्त्रीबीज सुटते तेव्हा ते अपक्व असते, ते पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नैसर्गिक संयोगात कुत्र्याचे शुक्रजंतू कुत्रीच्या शरीरात कित्येक दिवस जगतात, म्हणून वेळ थोडी चुकली तरी पिल्ले होतात. गोठवून वितळवलेले शुक्रजंतू मात्र जेमतेम १२ ते २४ तास टिकतात. म्हणून रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून दिवस ठरवावा लागतो आणि रेत थेट गर्भाशयात पोचवावे लागते. हे काम पशुवैद्यकाचेच आहे. एक वेळ हुकली तर सहा महिने थांबावे लागते.

मांजराचे रेत तर काही थेंबांइतकेच मिळते. मांजरीत स्त्रीबीज संयोगाच्या उत्तेजनेनेच सुटते, म्हणून कृत्रिम रेतनाआधी संप्रेरके द्यावी लागतात. कोठारातील उंदीर मारणाऱ्या मांजराचे रेत गोठवायला कोण जाईल, असे आपल्याला वाटेल. पण या कामाचा एक दूरचा उपयोग आहे. मांजर आणि वाघ, बिबट्या हे एकाच कुळातले. मांजरावर बसवलेली रीत रानमांजर कुळातील दुर्मीळ प्राण्यांसाठी पायाभूत ठरते. हैदराबाद येथील लॅकोन्स या केंद्र शासनाच्या प्रयोगशाळेत वन्य प्राण्यांचे रेत व पेशी जतन करण्याचे काम चालते. आपल्या सातारा-सांगलीच्या पश्चिमेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा विषय आपल्यापासून फार दूर नाही हे कळेल.

मग हळद घातली तर?

आता त्या मेंढपाळाच्या प्रश्नाचे उत्तर. घरची हळद, कितीही चांगली असली तरी, रेतात घालायची नाही. हळदीच्या भुकटीत कुरक्युमिन थोडे आणि पिष्ठ, तंतू, तेल, माती, जंतू हेच फार. कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. प्रयोगशाळेत ते शुद्ध स्वरूपात, योग्य द्रावकात, अत्यल्प मात्रेत मोजून घालतात. 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून किंवा लिंबाचा रस घालून काही करण्याचा प्रयत्नही करू नये. शुक्रजंतूला साध्या पाण्याचा थेंबही मारक असतो. विरलकात काय असावे, हे रेतकेंद्राने ठरवायचे. आपले काम त्याच्या आधीचे आणि नंतरचे आहे, आणि फायदा-तोटा बराचसा तेथेच ठरतो.

गाई-म्हशीच्या कांडीबाबत आपण काय करावे?

म्हशीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे. रेड्याच्या शुक्रजंतूचे आवरण वळूपेक्षा लवकर ऑक्सिडीकरण होणारे असते, म्हणून गोठवणीत ते अधिक नाजूक ठरते. केंद्र शासनाच्या किमान मानकांनुसार कांडी वितळवल्यावर निदान ५० टक्के शुक्रजंतू पुढे सरकणारे असावे लागतात. रेतकेंद्रातून निघालेली चांगली कांडी आपल्या गोठ्यात येईपर्यंत बिघडू नये, यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) कांडी शेवटच्या क्षणापर्यंत द्रवनत्रातच असावी. सेवकाच्या पात्रात नत्र पुरेसे आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

२) कांडी शोधताना डबी पात्राच्या गळ्याच्या वर काढू नये. उणे १३० अंशांपेक्षा तापमान चढले, की बारीक स्फटिक मोठे होऊ लागतात. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि पुन्हा नत्रात बुडवून भरून येत नाही.

३) कांडी चिमट्याने काढून ३७ अंशांच्या कोमट पाण्यात ३० सेकंद धरावी. पाणी तापमापकाने मोजावे. खिशात, काखेत किंवा तळहातावर चोळून कांडी वितळवू नये.

४) वितळलेली कांडी पुसून पूर्ण कोरडी करावी, मगच कापावी.

५) बंदूक भरल्यानंतर ऊन आणि धूळ लागू देऊ नये. वितळवल्यापासून १५ मिनिटांच्या आत रेतन उरकावे. म्हणून जनावर आधी बांधून तयार ठेवावे, कांडी नंतर काढावी.

६) सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. म्हशीचा मुका माज ओळखण्यासाठी पहाटे आणि रात्री पाहणी ठेवावी.

७) कांडीवरील वळूचा क्रमांक, रेतकेंद्र आणि तारीख वहीत लिहावी. रिकामी कांडी फेकण्याआधी हे काम करावे.

८) जनावराला हिरवा चारा आणि शिफारशीप्रमाणे खनिज मिश्रण द्यावे. ताज्या हिरव्या चाऱ्यात 'ई' जीवनसत्त्व असते, वाळलेल्या कडब्यात ते फार घटते. मात्र सेलेनियमसारखी द्रव्ये पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत, जास्त झाल्यास विषबाधा होते.

९) जनावर तीनदा उलटले तर चौथी कांडी भरण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. दोष प्रत्येक वेळी कांडीचा नसतो.

कारवानी राखणाऱ्यांनी काय करावे?

१) नर उमेदीत असतानाच विचार करावा. वय वाढते तसा रेताचा दर्जा घसरतो आणि कमकुवत रेत गोठवण सोसत नाही. आठव्या वर्षी तपासणी केल्याशिवाय आशा धरू नये.

२) गोठवलेले रेत हा विमा आहे, पेरणी नव्हे. नर जिवंत आणि निरोगी असेल, तर पहिला मार्ग नैसर्गिक संयोगाचाच. त्याच्याशी नाते नसलेली, त्याच जातीची चांगली मादी शोधावी. बाप-लेक, भाऊ-बहीण अशी जोडी कधीही लावू नये.

३) नर-मादी दोघांचीही ब्रुसेला रोगासाठी तपासणी करावी. हा रोग संयोगाने आणि रेतामार्फतही पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. गोठवल्याने त्याचे जंतू मरतीलच असे समजू नये.

४) वंशावळीची वही ठेवावी. जन्मतारीख, आई-बाप, उंची, रंग, स्वभाव आणि दोष लिहावेत. वही नसेल तर गोठवलेल्या कांडीला अर्थ राहत नाही.

५) कुत्र्याला उन्हाळ्यात सावली आणि पाणी द्यावे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. वैशाखातील ताप आषाढातल्या रेतात दिसतो. रेत तपासायचे असेल तर हिवाळ्यात तपासावे.

६) कुत्र्यांसाठी रेत गोठवण्याची सोय गाई-म्हशींइतकी सर्वत्र नाही. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईचे परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्या प्रजनन विभागाकडे आधी चौकशी करावी.

७) श्वान पैदाशीसाठी केंद्र शासनाचे २०१७ चे नियम आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी लागते आणि मादीचे वय, वेतांची संख्या यांवर बंधने आहेत. कोणतीही कृत्रिम पद्धत वापरण्याआधी या नियमांत काय म्हटले आहे, ते पशुवैद्यकाकडून समजून घ्यावे.

समारोप

बंधू-भगिनींनो, ज्यांनी प्रश्न विचारला ते गृहस्थ आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच. काका, तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता. गोठवताना निम्मे शुक्रजंतू जातात हे खरे आहे. अँटिऑक्सिडंटमुळे त्यांतले थोडे वाचतात हेही खरे आहे. पण जे थोडे वाचतात त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. येत्या हिवाळ्यात कुत्र्याची तपासणी करून घ्या, शेजारच्या वाड्यांवर चांगली मादी शोधा, पिल्ले होतील ती ओळखीच्या आणि वही ठेवणाऱ्या माणसांनाच द्या. चार घरी चार चांगली पिल्ले वाढली, तर ती नत्राच्या पात्रापेक्षा भरवशाची ठेव आहे. त्यानंतर रेत गोठवता आले तर जरूर गोठवा.

हळद मात्र शेतातच राहू द्या. तिच्यावर कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात काम चालू आहे. तिला बाजारभाव चांगला मिळावा, एवढी अपेक्षा आपण तिच्याकडून ठेवू.

आता आपले प्रश्न विचारावेत. जनावराच्या आजाराविषयी असतील तर येथे बसलेले पशुवैद्यक मित्र उत्तर देतील. पिकाविषयी असतील तर मी देईन.